‘आम्ही’ नको, ‘मी’ लिहा

३ ऑगस्ट, शनिवार

बिझनेस स्कूलच्या अर्जाची तयारी करून घेणाऱ्या प्रियदर्शिनी मॅडमचा हुकूम आहे की रोज थोडं तरी लिहायचं. स्वतःबद्दल, मनात येईल ते, काहीही न लपवता. त्यातून म्हणे माझ्या निबंधांना खरेपणा येईल. आज त्यांनी माझा पहिला निबंध वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "रोशनी, हे फ्रिजच्या वॉरंटी कार्डासारखं वाटतंय."

मी हे मराठीत लिहिणार आहे. मॅडम तेलुगू, त्यांना मराठी येत नाही, त्यामुळे काहीही न लपवणं सोपं जाईल. घरात धाकट्या भावाचा, विकीचा, धोका नाही. तो मराठी फाडफाड बोलतो, पण वाचायला दिलं की पहिल्याच जोडाक्षराला त्याला तहान लागते. आईला वाचता येतं, पण ती कुणाचं चोरून वाचत नाही. ती सरळ विचारते.

तर स्वतःबद्दल. रोशनी नरवडे, वय सत्तावीस, राहणार विद्यानगर, हैदराबाद. सिकंदराबादला औषधांच्या घाऊक कंपनीत गोदामाची सहायक मॅनेजर. बिझनेस स्कूलला जायचंय. कशासाठी जायचंय ते मॅडम ठरवतायत.

१० ऑगस्ट, शनिवार

मॅडमचं ऑफिस नारायणगुड्याला एका बेकरीच्या वर आहे. जिना चढेपर्यंत भूक लागते आणि वर गेल्यावर मरते.

आज त्यांना माझा संघर्ष पाहिजे होता. मी म्हटलं, संघर्ष आजोबांनी केला. नांदेडकडून अंगावरच्या कपड्यांनिशी आले आणि रेल्वेत लागले. बाबाही रेल्वेतून रिटायर झाले, गळ्यात हार घालून. आई विद्यापीठात हेडक्लार्क आहे. माझ्या वाट्याला कूलर, ट्यूशन आणि मावशीकडचा आमरस आला.

"बुद्धिस्ट फॅमिली ना तुमची? काहीतरी असेलच," मॅडम म्हणाल्या. दुकानदार मागच्या रॅकवरून माल काढायला सांगतो ना, त्या आवाजात.

आहे की. पण ते मी त्यांना सहाशे शब्दांत का देऊ?

घरी सांगितलं तर आई भेंडी निवडता निवडता म्हणाली, "आजोबांचं दुःख आजोबांचं हाय. तू काय केलंस ते लिही. उसनं दुःख कायको लिहितीस?"

मग दुपारी मॅडमना फोन करून इन्सुलिनची गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या कोल्ड रूमचं पॅनेल जळालं. बाहेर सूर्य आग ओकतोय, आत शहरभरच्या दुकानांना जाणारं इन्सुलिन. मी म्हटलं, शेजारच्या फंक्शन हॉलमध्ये भलंमोठं कोल्ड स्टोअर आहे, लग्नाच्या जेवणाचं. प्रशांत सरांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, हॉलच्या मालकाला पटवलं, सही केली, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून माल हलवला. त्या दिवशी अर्ध्या हैदराबादच्या शुगरवाल्यांचं औषध खुबानी का मीठाच्या पातेल्याशेजारी मुकाट्यानं बसून होतं. एक बाटलीसुद्धा वाया गेली नाही.

मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "फंक्शन हॉल? सिकंदराबादचा?"

"हौ."

पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "रोशनी, दुसरी एखादी गोष्ट नाही का तुझ्याकडे?"

भारावल्या असणार. गोष्ट आहेच तशी.

१४ ऑगस्ट, बुधवार

प्रशांत सरांचं काहीतरी बिनसलंय.

माणूस चांगला आहे. चौतीस वर्षांचा, उंच, बिनलग्नाचा. घरचे मूळचे उदगीरकडचे शेतकरी. वडील हिम्मतराव यांचं इथं बी-बियाण्यांचं दुकान आहे. आजवर सर गोदामात बाह्या दुमडून फिरायचे. या महिन्यात ब्लेझर घालायला लागलेत. गोदामात! खोके उचलताना काखेत उसवतो, म्हणून हात अंगालगत धरून चालतात, पेंग्विनसारखे.

आज मीटिंगमध्ये म्हणाले, "मोकळेपणानं सांगा, माझा सगळ्यात मोठा दोष कोणता?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. शेवटी स्टॉकवाला ओमकार म्हणाला, "सर, तुम्ही ऑफिसचा एसी फार कमी ठेवता."

सरांनी ते लिहून घेतलं.

शिवाय दर शनिवारी ते नारायणगुड्याला दातांच्या डॉक्टरकडे जातात. येताना त्या बेकरीतली उस्मानिया बिस्किटं आणतात, ओलावा न लागलेली, एकदम ताजी. दात दुखणाऱ्या माणसानं इतकी बिस्किटं खाऊ नयेत असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नाही, म्हणजे, हौ."

२४ ऑगस्ट, शनिवार

काल सरांकडे शिफारसपत्र मागितलं. त्यांचा चेहरा मैद्यासारखा झाला.

"कुठल्या कॉलेजसाठी?"

सांगितलं.

"याच वर्षी?"

"हौ सर."

ते उठले आणि कोल्ड रूमचं तापमान बघून आले. ते काम माझं आहे. परत येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी जा ना, रोशनी. एवढी काय गडबड हाय?" आवाज अगदी कापरा होता.

विकीला सांगितलं तर तो गादीवर लोळायला लागला. "दीदी, क्लिअर केस! सर फिदा हैं तुझ्यावर. ब्लेझर कुणासाठी घालतो माणूस?"

आई हसली नाही. म्हणाली, "त्यांच्या घरी चालंल का, हे नंतरचं. आधी तुला चालंल का ते बघ."

मी म्हटलं, मला अजिबात चालणार नाही, मला करिअर करायचंय. आई म्हणाली, "बरं."

३१ ऑगस्ट, शनिवार

विकी बरोबर आहे. काल सरांनी मला थांबवून विचारलं, "रोशनी, खरं सांग. तुला माझ्यात काय दिसतं? तीन शब्दांत."

यापेक्षा स्पष्ट माणूस काय बोलणार? मी घाबरून म्हटलं, "प्रामाणिक, तापट, उंच." ते पुटपुटत निघून गेले, "उंच चालणार नाही."

बिचारे. उंचीचाही न्यूनगंड आहे.

आता नकार मलाच द्यावा लागणार. नीट, माणसाचं मन न मोडता. आरशासमोर तयारी करतेय.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. काम आज अर्धाच दिवस. गोदामात आरती झाली, सगळे प्रसाद घेऊन पांगले. सर टेबलाशी एकटे बिस्किट चहात बुडवत होते. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"सर, मला तुमच्याबद्दल फार आदर आहे. पण तो सर म्हणूनच आहे. तुम्हाला त्रास होत असेल हे मला कळतं. तरी याचा परिणाम शिफारसपत्रावर होऊ देऊ नका."

बिस्किट चहात पडलं. सर चमच्यानं ते काढायला लागले. मग म्हणाले, "नाही होऊ देणार. तू म्हणतेस ते बरोबरच हाय. न्यायानं वागायला पाहिजे."

संध्याकाळपर्यंत पत्र पोचल्याचा ईमेल आला. किती मोठ्या मनाचा माणूस! मला उगीचच रडू आलं. धुपाचा धूर असेल.

१४ सप्टेंबर, शनिवार

अर्ज गेला!

इन्सुलिनच्या निबंधाचे चार मसुदे झाले. मॅडमनी दुसरी गोष्ट सुचवायचा फार प्रयत्न केला, पण मी ऐकलं नाही. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण ‘आम्ही’ नको, ‘मी’ लिही. कॉलेजला गोदाम नाही घ्यायचं, तुला घ्यायचंय." पहिल्या मसुद्यात प्रशांत सर होते. दुसऱ्यात ते ‘माझे वरिष्ठ’ झाले, तिसऱ्यात ‘एक सहकारी’. चौथ्यात मी एकटीच होते.

आईला मराठी करून वाचून दाखवला. तिनं विचारलं, "हॉलवाल्याच्या कागदावर सही कुणी केली म्हणालीस?"

"सरांनी."

"माल बिघडला असता तर नोकरी कुणाची गेली असती?"

"त्यांची."

"ते हाय का ह्यात?"

"आई, शब्दमर्यादा असते."

"हां," आई म्हणाली, "शब्दमर्यादा." आणि कुकर लावायला गेली. तिच्या त्या ‘हां’नं माझा आनंद निम्मा केला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मुलाखतीचं बोलावणं आलं! बाबांनी जुन्या रेल्वे कॉलनीतल्या प्रत्येकाला फोन केला. एकानं विचारलं, "पोरगी टीटीई झाली का?"

आश्चर्य म्हणजे सरही आज खुशीत होते. गोदामभर पेढे वाटले. मी विचारलं, "काय विशेष, सर?"

"असंच."

असंच कुणी पेढे वाटत नाही. लग्न ठरलं असणार. इतक्या लवकर? मला आनंदच आहे. मी फक्त विचारलं, "मुलगी कुठली?" ते म्हणाले, "कुठली मुलगी?" दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "रोशनी, तुझी तब्येत बरी हाय ना?"

पेढा जरा खवट लागला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मॅडमकडे मुलाखतीची रंगीत तालीम. त्यांचं हल्ली एक नवीनच असतं. येण्याआधी फोन कर, खाली पोचलीस की परत फोन कर, जिन्यात थांबू नको. गिऱ्हाइकं एकमेकांसमोर आलेली त्यांना आवडत नाहीत म्हणे. आज जरा लवकर गेले तर मला चक्क स्वयंपाकघरात बसवलं आणि दार लावून घेतलं. बाहेर कुणीतरी पुरुष खोकत गेला. खोकला ओळखीचा वाटला, पण या हवेत सगळ्यांचेच खोकले सारखे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

जमेल तसं लिहिते.

कॉलेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. विकीनं बाइकवर सोडलं. वेटिंग हॉलमध्ये काचेच्या भिंती, मऊ सोफे, आणि एका सोफ्यावर, ब्लेझर घालून, प्रशांत सर.

माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट मी तोंडानं बोलून टाकली. "सर! माझ्या मागं इथपर्यंत आलात? मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं!"

आजूबाजूची चार डोकी वळली. सरांनी गळ्यातलं कार्ड वर करून दाखवलं. त्यावर त्यांचं नाव आणि खाली ‘उमेदवार’.

मी खाली बसले. सोफा फारच मऊ होता, बसतच गेले.

"प्रियदर्शिनी मॅडम?" मी विचारलं.

"प्रियदर्शिनी मॅडम."

"आणि दातांचा डॉक्टर?"

"माझे दात एकदम मजबूत हायत."

दोष कोणता, तीन शब्द, ब्लेझर. सगळं माझ्या डोळ्यांसमोर सरकत गेलं. मग एक भयंकर शंका आली. "सर, लीडरशिपच्या निबंधात तुम्ही काय लिहिलंय?"

सर बुटांकडे बघायला लागले. "इन्सुलिन."

"हॉल कुणाला सुचला?"

"मला." मग हळूच, "तू त्यात नाहीस."

"माझ्यातही तुम्ही नाही."

आम्हाला हसू फुटलं. ब्लेझर काखेत टरकन फाटला, तसं अजून हसू आलं. मग दोघांचंही एकदम थांबलं. मुलाखत घेणाऱ्यांच्या टेबलावर दोन कागद होते. दोन्हींत तोच हॉल, तोच खुबानी का मीठा, आणि दोन वेगवेगळे शूर एकटे लोक.

"आता काय?" मी म्हटलं.

तेवढ्यात त्यांना हाक आली. ते उठले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसेच आत गेले. परत आलेच नाहीत. बाहेर पडायचं दार दुसरीकडं होतं. ते आत काय सांगून गेले हे कळायला काही मार्ग नव्हता.

माझा नंबर आला. आत दोन पुरुष, एक बाई. बाई म्हणाल्या, "फंक्शन हॉलची गोष्ट सांगा." दोघा पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं.

मॅडमचा आवाज डोक्यात वाजत होता, मी, मी, मी. आईचा ‘हां’ही वाजत होता. मी सुरुवात केली. हॉलचं मी सुचवलं. तेही अर्धी थट्टा होती. बाहेर माल ठेवायला कंपनीची परवानगी नव्हती आणि हेड ऑफिस फोन उचलत नव्हतं. प्रशांत सरांनी स्वतःच्या नावावर सही केली. माल बिघडला असता तर माझी फक्त कल्पना चुकली असती, त्यांची नोकरी गेली असती.

"मग निबंधात ते का नाहीत?"

"मी काढलं त्यांना," मी म्हटलं. "शब्द कमी करायचे होते, आणि माणूस काढला की शब्द भराभर कमी होतात."

बाईंनी काहीतरी लिहिलं. कुणी हसलं नाही. पुढचे प्रश्न आठवत नाहीत.

बाहेर गेटपाशी सर उभे होते, ब्लेझर हातावर टाकून. आम्ही दोघंही आधी बोलायला तयार नव्हतो. शेवटी तेच म्हणाले, "मी खरं सांगून टाकलं. सुचलं तुला. मी घाबरत घाबरत सही केली."

"घाबरत? तुम्ही तर किती शांत होता!"

"पेन दोनदा पडला हातातून. बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं. मी खोके मोजत होते.

मी काय सांगितलं तेही सांगितलं. त्यांनी ब्लेझर या हातावरून त्या हातावर घेतला. मग म्हणाले, "म्हणजे आता दोघंही पडणार. चल, इराणी चहा पिऊ."

चहा पिताना म्हणाले, "एक विचारू? गणपतीच्या दिवशी तू ते आदराबिदराचं काय बोललीस? मला वाटलं, तुला कळलंय मी पण अर्ज केलाय, आणि तू म्हणतेस, स्पर्धक हाय म्हणून वाईट पत्र लिहू नका."

मी म्हटलं, "हौ, अगदी तेच."

या वहीला पाय फुटून ती कधीही त्यांच्या हाती लागू नये.

२ नोव्हेंबर, शनिवार

आम्ही दोघं मिळून मॅडमकडे गेलो. दार उघडल्यावर त्या "देवुडा!" म्हणून खुर्चीतच बसल्या.

"तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" सर म्हणाले.

"कसं सांगणार? एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा माझा नियम! तुम्ही दोघं तीच गोष्ट घेऊन आलात आणि दोघंही सोडायला तयार नाही. माझी बीपीची गोळी वाढली, माहिती आहे?"

मग आम्ही मुलाखतीत काय सांगितलं ते त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "इतके महिने शिकवलं ते एका दिवसात घालवलं." पण निघताना खाली बेकरीपर्यंत सोडायला आल्या. आधी कधी आल्या नव्हत्या.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

निकाल लागला. माझं झालं. सरांचं नाही.

दोघांचे ईमेल कामाच्या वेळेत आले. सरांनी माझा चेहरा बघितला, मी त्यांचा. ते म्हणाले, "अभिनंदन, रोशनी," आणि कोल्ड रूममध्ये तापमान बघायला गेले. मी मागून गेले.

"सर, तुम्ही खरं सांगितलं म्हणून..."

"नाही. खरं तर तूही सांगितलंस. मी पुढच्या प्रश्नांना गडबडलो. दहा वर्षांनी कुठं असाल, विचारलं. मी म्हटलं, सिकंदराबादला."

हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी रडले. आत थंडी फार, नाक लाल झालं. सरांनी त्यांचा स्वेटर दिला आणि स्वतः कुडकुडत उभे राहिले. ओमकारनं दार उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं.

घरी बाबांनी मिठाई आणली. मी एकच तुकडा खाल्ला. एवढं मिळालं तरी मन भरलं नाही. कारण कळत नाही. दमले असेन.

२० एप्रिल, रविवार

कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे झाले. हॉस्टेलची खोली छान आहे. सगळे इतकं इंग्रजी बोलतात की संध्याकाळी जबडा दुखतो.

प्रशांत सर आजही आले होते. त्यांना पुन्हा अर्ज करायचाय, म्हणून मी मार्गदर्शन करते. निव्वळ अभ्यास. आज मात्र निबंध काढायचं राहून गेलं. कॉलेजच्या तळ्याला चक्कर मारता मारता ऊन उतरलं. गोदामातल्या गमती सांगत होते. मध्येच म्हणाले, "ते ‘सर’ आता बंद कर. मी तुझा मॅनेजर राहिलो नाही." सवय आहे, जीभ वळत नाही. दोनदा म्हणून बघितलं, प्रशांत. दोन्ही वेळा त्यांनी उगीचच चपलेतला खडा काढला.

मग म्हणाले, "बाबा विचारत होते, दर रविवारी कुठं जातोस. सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं. तेही सांगितलं. दोन दिवस बोललेच नाहीत. मग काल दुकान बंद करताना म्हणाले, पोरीला जेवायला बोलव."

मी म्हटलं, "का?"

ते जरा गोंधळले. म्हणाले, "म्हणजे... निबंधात घरची पार्श्वभूमी लागते ना."

हे खरंच आहे. पार्श्वभूमी समजल्याशिवाय मार्गदर्शन कसं करणार? मी हो म्हटलं.

आईला फोन केला. ती आधी गंभीर झाली. "त्यांनी स्वतः बोलावलंय का ह्यानंच ठरवलं?"

"त्यांनी स्वतः."

"मग जा. ताठ मानेनं जा, पोटभर जेव. अन् पुढच्या रविवारी त्यांना आपल्या घरी घेऊन ये."

मी म्हटलं, ते सगळं ठीक आहे, पण एक अडचण आहे. निबंधाच्या चर्चेला जाताना साडी नेसतात का ड्रेस चालतो?

आई इतकी हसली, इतकी हसली, की फोन बाबांना घ्यावा लागला.